पाचट जाळू नका

उसाची तोड संपली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाचटास काडी लागते. रान लवकर मोकळे होते हे खरे. परंतु एकरी ३-४ टन खताचा ऐवज जळतो, नत्र उडून जाते, आणि धुरातील मिथेन व काजळी पृथ्वीचा ताप वाढवितात.

सोलापुरात सन १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, ते ओलीच्या चिंतेतूनच. बागायतीतही ती ओल पाचटाच्या आच्छादनाने टिकते. खोडवा राखणाऱ्यांनी बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत पसरावे. दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे.

उन्हाळा तोंडावर असता जमिनीचे पांघरूण आपल्याच हाताने जाळणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.