लाइव्ह लिनक्सचा पडदा फाटतो तेव्हा

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, मेनू नीट दिसला आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर रंगीत पट्टे! अनेक जण इथेच लिनक्सचा नाद सोडतात. याचे फार वाईट वाटते, कारण संगणक बहुतेक वेळा धडधाकट असतो.

अडचण असते ग्राफिक्स कार्डाशी जुळवून घेण्याची. 2009 साली आलेल्या 2.6.29 या आवृत्तीपासून पडद्याचे रिझोल्यूशन ठरवण्याचे काम लिनक्सचा गाभा असलेला कर्नल स्वतःकडे घेऊ लागला. एनव्हीडियाच्या कार्डांसाठीचा ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर तर मुख्यतः रिव्हर्स इंजिनिअरिंगने घडलेला. काही कार्डांवर तो अडखळतो.

अशा वेळी सुरुवातीला दिसणाऱ्या ग्रब या बूट मेनूत ‘ई’ दाबावे, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे जागा सोडून कर्नलला रिझोल्यूशन ठरवण्यापासून रोखणारा ‘नोमोडसेट’ हा इंग्रजी शब्द लहान अक्षरांत, सलग लिहावा आणि एफ10 दाबावे. उबुंटूत ‘सेफ ग्राफिक्स’, मिंटमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ हे तयार पर्यायही आहेत.

चित्र थोडे जाडेभरडे दिसेल, पण काम सुरू होते. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो. इन्स्टॉल केल्यावर कार्डाचा योग्य ड्रायव्हर जरूर बसवावा.