डाग घालवायला काय लावायचं? आणि आईची ती डबी

मी न्हावा शेवाला कंटेनर ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. आठवड्यातून दोनदा यार्डात जावं लागतं, आणि तिथे सावली म्हणजे कंटेनरची. पिंपल जातो, डाग राहतो. घरी आईच्या गालांवर वांग. म्हणून आजचा भाग.

आपल्या त्वचेतल्या काही पेशी मेलॅनिन हा रंग बनवतात आणि वरच्या पेशींकडे पाठवतात. म्हणजे कारखाना आणि ट्रक. व्हिटॅमिन सी, कोजिक अ‍ॅसिड, अल्फा आर्बुटिन कारखान्याचा वेग कमी करतात. नायसिनामाइड कारखान्याला हात लावत नाही, ट्रक अडवतं.

मग निवडायचं कसं? पिंपल्स चालू असतील आणि डागही असतील तर अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, ते दोन्हींवर चालतं. मी तेच लावतो, सुरुवातीला जरा चुणचुणतं. त्वचा नाजूक असेल तर ४-५ टक्के नायसिनामाइड. व्हिटॅमिन सी चांगलं, पण हवा-उष्णतेने खराब होतं. माझी बाटली संपायच्या आत तपकिरी झाली, पैसे गेले. एका वेळी एकच सुरू करा, आधी कानामागे लावून बघा. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. आणि सनस्क्रीन नसेल तर हे सगळं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी.

वांग चिवट असतं, त्याला त्वचेचा डॉक्टरच हवा. हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइडचं मिश्रण मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ आणि लाल होते.

आता ती डबी. आईने पार्लरमधून आणलेली. घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आठ दिवसांत चेहरा उजळला, आई खूश, आणि मला तिथेच भीती वाटली. इतक्या झटपट उजळवणारा एक जुना पदार्थ म्हणजे पारा. तो त्वचेतून शरीरात जातो आणि किडनीवर बसतो. आपल्याकडे क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही. तरी अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या अशा क्रीमने बिघडल्याचं मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांनी शोधलं. ती बातमी २०२३ ची. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांना २०२१ ते २०२३ मध्ये किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे १५ पेशंट मिळाले, त्यातले १३ जण उजळवणारी क्रीम लावत होते.

मी आईला हे वाचून दाखवलं. "अरे, पार्लरवाली स्वतः लावते रे," ती म्हणाली. शेवटी लघवीत प्रोटीन जातंय का, ती साधी तपासणी केली. रिपोर्ट नॉर्मल. तुमच्या घरी कुणी अशी डबी वापरत असेल आणि पायावर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल, तर लगेच डॉक्टरकडे जा, डबी सोबत न्या.

आईने लावणं बंद केलंय. डबी मात्र टाकू देत नाही, "पैसे मोजलेत" म्हणते. सध्या माझ्या कपाटात आहे, झाकण घट्ट लावून.