अमेरिकेतील पक्ष अधिवेशने : उमेदवार ठरवतो कोण?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार राष्ट्रीय अधिवेशनात, राज्याराज्यांतून आलेल्या प्रतिनिधींच्या मतांनी ठरतो. म्हणून प्रतिनिधी कोण, हा कळीचा प्रश्न.

१९६४ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात मिसिसिपीचे सगळे अधिकृत प्रतिनिधी गोरे होते. तिथल्या बहुतांश कृष्णवर्णीयांना मतदार नोंदणीच करू दिली जात नव्हती. शेतमजूर असलेल्या फॅनी लू हेमर आणि सहकाऱ्यांनी त्या जागांवर दावा केला. पक्षाने दोनच जागा देऊ केल्या; त्यांनी त्या नाकारल्या. १९६८ मध्ये हेमर स्वतः प्रतिनिधी म्हणून अधिवेशनात बसल्या.

१९७२ पासून बहुतेक प्रतिनिधी प्राथमिक निवडणुकांच्या निकालानुसार ठरतात. अधिवेशनात सहसा शिक्कामोर्तब होते. मित्रांनो, मताचा हक्क महत्त्वाचाच. पण उमेदवार ठरवणाऱ्यांत आपण आहोत का, हेही विचारले पाहिजे.