तिजोरी शाबूत, पैसे गायब

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ना तिजोरी फुटली, ना पहारेकऱ्याला कुणी हात लावला. तरी सोमवारपर्यंत सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

चोरांनी एटीएमच्या यंत्रणेत बनावट स्विच घुसवला होता. शिल्लक किती, हे मूळ यंत्रणेला न विचारताच तो पैसे द्यायला मंजुरी देई. बाकीचं काम हाडामांसाच्या माणसांनी केलं. २८ देशांत क्लोन कार्डं चालली. कोल्हापुरातसुद्धा!

पोलिसांना माग लागला तो एटीएमच्या कॅमेऱ्यांमुळे, पण चोरीनंतर. कॅमेरे पाहणारा एकीकडे, सर्व्हर सांभाळणारा दुसरीकडे, अशीच व्यवस्था अनेक ठिकाणी असते. एकच माणूस कार्डामागून कार्ड सरकवतोय आणि त्याच वेळी स्विच मूळ यंत्रणेशी बोलत नाही, हे दोन्ही इशारे एकाच पडद्यावर आले, तर मशिन तिथल्या तिथे बंद करता येतं.