छत्री आग्नेयेला, कडुनिंबही आग्नेयेला

चौसाळ्यात घरावर छत्री बसवायची तर आधी आग्नेय दिशा धरावी लागते. डीडी फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. बीड जिल्ह्याच्या या टोकावरून तो क्षितिजापासून सुमारे 60 अंश उंचीवर दिसायला हवा. त्याच कोपऱ्यात कडुनिंब असला की घोडं अडतं.

1975-76 साली ‘साइट’ प्रयोगात 2,400 खेड्यांत उपग्रहावरून दूरदर्शन पोहोचलं, तेव्हा महाराष्ट्र यादीत नव्हता. शेजारचे गुलबर्गा, विजापूर होते. तारांच्या जाळीच्या तीन मीटरच्या छत्र्या 860 मेगाहर्ट्झच्या लहरी पकडत. लहरीची लांबी 35 सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरीला सुटं पान फारसं नडत नाही.

पण झाड म्हणजे नुसती पानं नव्हेत. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत गोल्डहर्श आणि व्होगेल या संशोधकांनी हेलिकॉप्टरमधून संदेश सोडून झाडांच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या गाडीत तो मोजला. पानांनी भरलेल्या झाडाचा अडथळा निष्पर्ण झाडापेक्षा डेसिबलमध्ये साधारण 35 टक्केच जास्त भरला. म्हणजे मोठा वाटा फांद्यांचा! पानगळीवर भरवसा ठेवून भागत नाही, हे तेव्हाच कळलं.

मार्च 2000 मध्ये सुटलेल्या एशियास्टार उपग्रहावरून वर्ल्डस्पेस कंपनीचा रेडिओ भारतात आला. त्याची छोटी अँटेना खिडकीत ठेवायची, 105 अंशांवरच्या उपग्रहाकडे तोंड करून. मध्ये डेरेदार झाड आलं तर संदेश 10 डेसिबलनं, म्हणजे दहाव्या हिश्श्यावर येऊ शकतो, आणि मग गाणं तुटतं. अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या कंपन्यांनी शहरांत जमिनीवरही प्रक्षेपक उभारून हा प्रश्न सोडवला. इथे तसं जाळं नव्हतं. 2009 अखेर वर्ल्डस्पेसची भारतातली सेवाच बंद झाली.

डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस, म्हणजे आजची डीडी फ्री डिश, सेवा सुरू झाली. छत्री लहान झाली, कारण लहर अडीच सेंटिमीटरवर आली, आणि कडुनिंबाची पानं आता तिच्या मापाची ठरली. पानातलं पाणी लहर शोषतं, पानांच्या कडा ती विखुरतात. पाऊस पडून गेल्यावरही ओला शेंडा चित्र फोडत राहतो. फाल्गुनात विरळ झाडाआडून जेमतेम जमलेली छत्री चैत्रपालवी फुटल्यावर रुसते ती यामुळेच.

अशा वेळी कुऱ्हाड काढली जाते, आणि ते टाळता येतं. साठ अंशांच्या उंचीमुळे छत्रीपेक्षा नऊ मीटर उंच शेंडाही सव्वापाच मीटरच्या आतच आड येतो. छत्री गच्चीच्या दुसऱ्या टोकाला सरकवली की बहुतेकदा काम भागतं. मुळात जंगल कमी असलेल्या जिल्ह्यात चार वाहिन्यांसाठी सावलीचं झाड तोडणं हा तोट्याचा सौदा आहे.

15 ऑगस्ट 2021 पासून मोबाइलवरून पिकाची नोंद करायची ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि तोच प्रश्न शेतकऱ्याच्या हातातल्या मोबाइलमध्ये आला. जीपीएसची लहर 19 सेंटिमीटरची, पण अतिशय क्षीण. दाट आंब्याखाली उभं राहिलं की ठिकाण काही मीटर इकडेतिकडे सरकतं. अशा बागेत मोकळ्या जागी येऊन थोडं थांबावं, ठिकाण स्थिरावलं की मगच फोटो काढावा.