बोलण्यासाठी नाही, टाइप करण्यासाठी बनवलेला फोन

नवीन दुकान टाकणाऱ्याला मी आधी विचारतो, "तुमचं गिऱ्हाईक कोण?" दहातले आठ जण म्हणतात, "सगळेच!" त्यांच्यासाठी आज एका फोनची गोष्ट.

साल 2002, अमेरिका. तेव्हाच्या साध्या फोनवर मेसेज लिहिणं म्हणजे वैताग. 'एस' हे एक अक्षर हवं तर 7 चं बटण चार वेळा दाबा! कॅलिफोर्नियातल्या डेंजर नावाच्या छोट्या कंपनीने उलटा विचार केला: गिऱ्हाइकाला टाइपच करायचं असेल तर? त्यांनी हिपटॉप बनवला, टी-मोबाइलने तो 'साइडकिक' नावाने विकला. स्क्रीन गर्रकन फिरवली की खाली कॉम्प्युटरसारखा पूर्ण कीबोर्ड. दोन अंगठ्यांनी धडाधड टाइप करा. चॅट आणि ईमेल आतच. कॉलही व्हायचा, पण कानाला लावल्यावर तो ठोकळाच वाटायचा.

तरुण पोरांनी तो घेतलाच. पण ज्यांची खरी गरज भागली ते म्हणजे ऐकू न येणारे लोक. त्याआधी त्यांच्याकडे लँडलाइनला जोडायचं टाइप करण्याचं मशीन असायचं, म्हणजे संवाद त्या टेबलापाशीच. साइडकिक खिशात घालून ते बाहेर पडले. बाकीच्यांना हा गंमतीचा फोन होता, यांना रोजच्या गरजेचा. असं गिऱ्हाईक सहज दुसरीकडे जात नाही बघा.

अजून एक सोय होती. नंबर, फोटो, मेल सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. फोन हरवला तरी नव्या फोनवर लॉगिन केलं की सगळं परत! तिथेच पुढे घोळ झाला. 2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने डेंजर विकत घेतली आणि ऑक्टोबर 2009 मध्ये सर्व्हर कोलमडला. ग्राहकांना सांगितलं गेलं की बॅटरी काढू नका, फोन बंद करू नका, डेटा बहुधा गेलाय. पुढे बराचसा परत मिळाला, पण मधल्या दिवसांत विश्वासाचं काय झालं असेल ते दुकानदाराला वेगळं सांगायला नको. 2011 मध्ये डेंजरची सेवाच बंद झाली.

माझंही असंच झालं होतं. उधारी फक्त एका ॲपमध्ये. एक दिवस ते उघडेचना. मीच गिऱ्हाइकांना विचारतोय, "काका, तुमचे किती बाकी?" काका हसून म्हणाले, "तुम्हीच सांगा की!" आता रविवारी रात्री सगळी उधारी लाल वहीत उतरवतो. बायको हसते, हसू दे.