मेंदूतील जागले

स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव धारण करणाऱ्या अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मेंदूज्वराने दगावलेल्या एका रुग्णाच्या मेंदूचा काचपट्टीवरील पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळू लागलो, तेव्हा त्या गुलाबी-जांभळ्या विस्तारात दृष्टी प्रथम कोठेच ठरेना. विकृतिशास्त्राच्या अध्यापिकाबाईंनी काचपट्टी केसभर सरकवली आणि त्या म्हणाल्या, "ही लांबट, वाकडी केंद्रके पाहा. ह्या मायक्रोग्लिया."

स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्ये रौप्यक्षारांनी रंगवून ज्यांची स्वतंत्र ओळख पटवली, त्या ह्या पेशी गर्भावस्थेच्या प्रारंभीच मेंदूत येऊन तेथल्या कायमच्या रहिवासी होतात. आणि गावच्या जागल्याने रात्री आळीआळीतून फेरी घालावी, तशा त्या निरोगी मेंदूतही आपल्या सूक्ष्म शाखा अखंड फिरवीत आसमंत चाचपतात. विषाणू शिरल्याची रासायनिक वर्दी पोहोचली, की शाखा आखडतात, देह फुगतो, संख्या वाढते आणि रक्तातील लढाऊ पेशींना पाचारण होते. छेदात त्याची खूण स्पष्ट होती: मरणपंथाला लागलेली एक चेतापेशी आणि तिला चहूकडून वेढून ग्रासणारा मायक्रोग्लियांचा पुंजका. ह्या बंदोबस्तात निरोगी पेशीही भरडल्या जातात. जपानी मेंदूज्वरात तर ह्यातून भडकणारा दाह हेच चेतापेशींच्या नाशाचे एक मोठे कारण ठरते.

दुसरी काचपट्टी रेबीजची होती, आणि तिने मला अधिक अस्वस्थ केले. अनुमस्तिष्कातील मोठ्या पुर्किंजे पेशींत, 1903 मध्ये नेग्री यांनी वर्णिलेले लालसर पिंड ठळक दिसत होते. परंतु भोवती धावपळ अशी फारशी नव्हतीच. चावलेल्या जागेपासून मज्जातंतूंच्या आडवाटेने येणारा हा विषाणू चेतापेशींना बहुधा अभंग ठेवून, संरक्षणाची वर्दीच दडपून टाकतो, आणि पहारेकरी जागे होईतो मामला हाताबाहेर गेलेला असतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्यच.

म्हणूनच जे करावयाचे, ते विषाणू वाटेत असतानाच केले पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे हंगामभर परमुलखात, फडाजवळच्या उघड्या कोपीत राहतात, आणि त्यांची लेकरे कुत्र्यांच्या सहज आवाक्यात असतात. त्यांच्या मुकादमांना आणि कारखान्यांच्या चालकांना माझी कळकळीची विनंती आहे: कुत्रे चावताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुववा, तीवर हळद, चुना, मिरची काही लावू देऊ नका, मजुराचा खाडा न धरता त्याच दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात पोहोचवा आणि लसीची सगळी इंजेक्शने पुरी होतील असे पाहा.